एलिझाबेथ राणीच्या लंडनांत

वार्धक्यांत मनुष्यानें काय वाचावें, याविषयीं आमच्या स्नेहीमंडळींचीं मतें ठाम आहेत. कोणी ज्ञानेश्वरीचें नांव घेतात, कोणी उपनिषदांचें. फार तर एखादें चरित्र चालतें. खुनांच्या कादंबऱ्या वाचा, असें मात्र आजवर आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं. तेव्हां आरंभींच कबुली देऊन मोकळे होतों कीं, सेवानिवृत्त झाल्यापासून रात्रीं निजण्यापूर्वीं आम्ही जें आवडीनें वाचीत आलों, त्यांत इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळांत घडणाऱ्या रहस्यकथांचा वांटा फार मोठा आहे. बाकाखालीं दडविलेला बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' ज्या मास्तरांनीं कितीदां तरी जप्त केला, त्यांच्यावरच ही पाळी यावी, हा दैवाचा न्याय म्हणावयाचा.

गेल्या वर्षीं ज्येष्ठांत धाकट्या चिरंजीवांनीं आम्हां उभयतांस लंडनास बोलावून घेतलें. काय काय पाहावयाचें याची यादी त्यांनीं आधींच केली होती. आम्हीं म्हटलें, "राजवाडा नाहीं दाखविलास तरी चालेल, पण डेप्टफर्ड दाखव." नऊ वर्षें त्या शहरांत काढलेल्या चिरंजीवांनीं तें नांव आगगाडींतून जातांना पाटीवर वाचलें होतें, एवढाच त्यांचा त्या ठिकाणाशीं संबंध. "तेथें काय आहे, बाबा?" त्यांनीं विचारलें. "एक खून," आम्ही म्हणालों. सूनबाई हंसल्या, पण पुढच्याच शनिवारीं आम्ही सर्व निघालों.

प्रवासाकडे वळण्यापूर्वीं या वाङ्मयाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. जुन्या काळांतील खुनाचा तपास या प्रकाराला घरोघर वाचक मिळवून दिले ते एडिथ पार्जेटर या विदुषीनें. एलिस पीटर्स हें टोपणनांव घेऊन तिनें १९७७ सालापासून बाराव्या शतकांतील कॅडफेल नांवाच्या मठवासी साधूच्या कथा लिहिल्या. ही वाट दिसतांच इतर लेखक एलिझाबेथच्या काळाकडे वळले. एडवर्ड मार्स्टन यांनीं १९८८ मध्यें 'द क्वीन्स हेड' या कादंबरींत निकोलस ब्रेसवेल उभा केला. हा ना नट, ना नाटककार. नाटकमंडळींची वही सांभाळणारा व पडद्यामागची सारी व्यवस्था पाहणारा साधा माणूस. पी. एफ. चिझम या नांवानें लिहिणाऱ्या पॅट्रिशिया फिनी यांचा सर रॉबर्ट केरी हा तर इतिहासांतील खरा पुरुष. १६०३ च्या मार्चमध्यें राणी निवर्तली, तेव्हां ती वार्ता घेऊन एडिंबरोपर्यंत घोडदौड करीत जाणारा तोच. एस. जे. पॅरिस यांनीं २०१० च्या 'हेरेसी'मध्यें जिओर्दानो ब्रूनो या इटालियन तत्त्वज्ञासच शोधक केलें आहे. ब्रूनो १५८३ मध्यें ऑक्सफर्डास खरोखरच गेला होता, आणि १६०० सालीं रोममध्यें त्याला जिवंत जाळण्यांत आलें. फियोना बकली यांची उर्सुला ब्लँचर्ड ही राणीच्या सेवेंतील तरुण विधवा. सौ.ला हीच सर्वांत अधिक आवडते. कारण पदरच्या मुलीची काळजी वाहतां वाहतां ती खुनी शोधीत असते, व घरांतील कोणती वस्तु जागची हलली आहे, हें तिला पुरुषांच्या आधीं दिसतें.

या काळांतच एवढें काय आहे, असें कोणी विचारील. पहिली गोष्ट ही कीं, तेव्हां पोलीस नव्हते. लंडनास संघटित पोलीस दल मिळालें तें १८२९ सालीं. राणीच्या काळीं प्रत्येक पॅरिशचा एक हवालदार, रात्रींचे पहारेकरी, आणि संशयास्पद मृत्यूचा पंचनामा करणारा कॉरोनर, एवढीच व्यवस्था. कॉरोनर हें पद मात्र फार जुनें, ११९४ पासूनचें. बोटांचे ठसे नाहींत, रक्ताची परीक्षा नाहीं, छायाचित्र नाहीं. शोध करणाऱ्याजवळ प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांवांचून दुसरें साधन नाहीं. आम्हीं लहानपणीं तर्कसंग्रह पाठ केला, त्यांत डोंगरावरील धूर पाहून अग्नीचें अनुमान कसें करावें, हें शिकलों. आणि लांबून धुकेंहि धुरासारखें दिसतें, हा इशाराहि त्याबरोबरच गुरुजींनीं दिला. या कादंबऱ्यांतील सारा खेळ त्या इशाऱ्यावर चाललेला असतो.

दुसरी गोष्ट भयाची. शाळेंत आम्हीं हा काळ सुवर्णयुग म्हणून शिकविला: शेक्सपिअर, ड्रेक, १५८८ मध्यें झालेला स्पॅनिश आरमाराचा पराभव. हें सर्व खरें. पण त्याच सुवर्णयुगांत माणसें एकमेकांपासून जपून बोलत असत, हें आम्हांस पाठ्यपुस्तकानें सांगितलें नाहीं, तें कादंबऱ्यांनीं सांगितलें. १५७० मध्यें पोपनें राणीस बहिष्कृत केलें. १५८५ च्या कायद्यानें परदेशांत दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूनें इंग्लंडांत राहणें हाच राजद्रोह ठरला. त्यांस दडविण्यासाठीं श्रीमंतांच्या वाड्यांतून भिंतींच्या पोटांत खोल्या करीत. अशा दिवसांत शेजारी कोण, मित्र कोण, हेर कोण, हें कळणें कठीण. त्यांत १५९२-९३ मध्यें प्लेगची मोठी साथ येऊन नाटकगृहेंहि बंद पडलेलीं.

राणीचा मंत्री सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याचें नांव या कथांतून पदोपदीं येतें. त्याची हकीकत वाचतांना आम्हांस विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. तेथें चाणक्य राक्षसाची मुद्रा हस्तगत करतो, त्याच्याच स्नेह्याच्या हातून पत्र लिहवून घेतो, आणि त्या पत्रावर राक्षसाचा सारा पक्ष बुडतो. १५८६ च्या बॅबिंग्टन कटांत स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी ही कैदेंत असतां तिचीं सांकेतिक पत्रें बिअरच्या पिंपांत दडवून बाहेर जात. तीं सर्व वॉल्सिंगहॅमच्या हातून पुढें जात असत, हें तिला ठाऊक नव्हतें. टॉमस फेलिप्स हा त्याचा संकेतज्ञ तीं उलगडी. एका पत्राच्या शेवटीं तर त्यानें मेरीच्याच संकेतांत कटवाल्यांचीं नांवें विचारणारा मजकूर आपल्या पदरचा घातला. १५८७ च्या ८ फेब्रुवारीस फॉदरिंगे येथें मेरीचा शिरच्छेद झाला. चाणक्यानें शेवटीं राक्षसाला मंत्रिपद देऊन सन्मानिलें. वॉल्सिंगहॅमच्या नाटकाचें भरतवाक्य निराळें निघालें.

असो. शनिवारीं सकाळीं आम्ही प्रथम थेम्सच्या दक्षिण तीरावरील सदर्कला गेलों. एलिझाबेथच्या काळीं नाटकगृहें, अस्वलांच्या झुंजी व दारूचे गुत्ते यांस नगराच्या कक्षेबाहेर म्हणून येथें जागा मिळाली. १५८७ मध्यें बांधलेल्या 'रोझ' नाटकगृहाचा पाया १९८९ सालीं एका कचेरीच्या इमारतीचें काम चालू असतां सांपडला. नटमंडळींनीं व रसिकांनीं आरडाओरड केली, तेव्हां कोठें इमारत त्यावर उचलून बांधण्यांत आली व खालचे अवशेष वांचले. माती वाळून तडकूं नये म्हणून ते पाण्याखालीं ठेविले आहेत. तांबडे दिवे लावून त्यांची कड दाखविलेली, बाकी काळोख. चिरंजीवांस तें पाहून निराशा झाली. पण याच जागीं ख्रिस्तोफर मार्लो याचीं नाटकें गाजलीं, हें ध्यानीं आणून आम्ही त्या काळ्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिलों. जवळच नव्यानें उभारलेलें व १९९७ मध्यें खुलें झालेलें ग्लोब नाटकगृह आहे. तें सुंदर आहे, तेथें गर्दी आहे, आणि त्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे; म्हणून आम्ही पुढें जातों.

लंडन ब्रिज स्थानकावरून गाडी सुटली ती थोड्याच मिनिटांत डेप्टफर्डास आली. आठव्या हेन्रीनें १५१३ मध्यें येथें आरमारी गोदी काढली. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या ड्रेकला १५८१ मध्यें राणीनें याच गांवीं त्याच्या जहाजावर सर ही पदवी दिली. आज गोदी नाहीं, जहाज नाहीं. रस्त्यावर बाजार भरला होता. तेथून नदीच्या बाजूस चालत गेलें कीं सेंट निकोलसचें चर्च लागतें. दाराच्या दोन्ही खांबांवर दगडांत कोरलेल्या कवट्या आहेत व त्यांखालीं हाडांची फुली. आंत दफनभूमींत गवत वाढलेलें, एका भिंतीवर मार्लोचा स्मृतिफलक. त्याचें थडगें नेमकें कोठें आहे, याची खूण उरलेली नाहीं.

आतां ती हकीकत. मार्लो हा कँटरबरीच्या एका चांभाराचा मुलगा. जन्म १५६४, म्हणजे शेक्सपिअरचा समवयस्क. शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकला. १५८७ मध्यें विद्यापीठ त्याला पदवी देण्यास कांकूं करूं लागलें, तेव्हां राणीच्या मंत्रिमंडळानें लिहून कळविलें कीं, यानें सरकारची कांहीं चांगली सेवा केली आहे. ती सेवा हेरगिरीची असावी, असा बहुतेकांचा तर्क आहे. १५९३ च्या मे महिन्यांत नास्तिकपणाच्या आरोपावरून त्याला मंत्रिमंडळापुढें बोलाविण्यांत आलें व रोज हजेरी देण्याची आज्ञा झाली. दहा दिवसांनीं, ३० मे रोजीं, तो डेप्टफर्डास एलिनॉर बुल या विधवेच्या घरीं इन्ग्रॅम फ्रायझर, निकोलस स्कीअर्स व रॉबर्ट पोली या तिघांबरोबर होता. सकाळीं दहाच्या सुमारास चौघे जमले, जेवले, बागेंत फिरले, संध्याकाळीं पुन्हां जेवले. मग बिल कोणीं द्यावें यावरून भांडण झालें. मार्लोनें फ्रायझरची कट्यार ओढून त्याच्या डोक्यावर वार केले. झटापटींत तीच कट्यार मार्लोच्या उजव्या डोळ्यावर दोन इंच खोल शिरली व तो जागच्या जागीं मेला. वय २९.

हें सर्व आपणांस कसें ठाऊक? राणीच्या घराण्याचा कॉरोनर विल्यम डॅन्बी यानें १ जून रोजीं सोळा पंचांसमोर चौकशी करून लॅटिनमध्यें अहवाल लिहिला. स्वसंरक्षणार्थ हत्या, असा निर्णय झाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेस राणीनें फ्रायझरला माफी दिली. तो कागद तीनशेंहून अधिक वर्षें दप्तरांत पडून राहिला व लेस्ली हॉटसन या संशोधकानें शोधून १९२५ मध्यें प्रसिद्ध केला. तोंवर लोक कसल्या कसल्या दंतकथा सांगत होते. चर्चच्या नोंदवहींतहि मारणाऱ्याचें नांव इन्ग्रॅमऐवजीं फ्रान्सिस असें पडलें आहे. कागद सांपडला, तेव्हां वाद मिटावयास हवा होता. उलट तो वाढला. कारण पोली हा बॅबिंग्टन कटांत वॉल्सिंगहॅमच्या कामीं आलेला नामांकित हेर होता, आणि उरलेले दोघे लोकांस फसवून पैसे उकळण्यांत मुरलेले. अशा तिघांनीं सांगितलें, तें सोळा पंचांनीं लिहून घेतलें. वेस्टमिन्स्टर अॅबेंत २००२ मध्यें मार्लोच्या नांवाची कांच बसविली, तिच्यावर मृत्यूच्या सालापूर्वीं चक्क प्रश्नचिन्ह आहे. तो त्या दिवशीं मेलाच नाहीं, असें मानणारेहि आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. पण तो कां मेला, हें कोणासहि सांगतां येत नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या भिंतीपाशीं उभे राहून मंडळींस सांगितलें. नातवंडें कवट्या पाहावयास पळालीं. सौ. मात्र फलकाकडे पाहत राहिली. मग ती म्हणाली, "अहो, खोलींत चौघे. एक मेला. उरलेल्या तिघांनीं सांगितलें, तेंच खरें धरलें ना?"

"होय."

"म्हणजे तुमच्या त्या मुलासारखेंच झालें हो हें."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वींची. आमच्या वर्गांतून सहलीच्या वर्गणीचा लखोटा नाहींसा झाला. तीन मुलांनीं एका चौथ्याचें नांव घेतलें. तिघांस आम्हीं निरनिराळें बोलावून विचारलें. तिघांचें सांगणें अक्षरशः जुळलें. शब्दप्रमाण भक्कम आहे, असें आम्हीं ठरविलें. मुलगा नाहीं म्हणाला. पण रडला नाहीं, आणि हेंच आम्हांस त्याच्या अपराधाचें लक्षण वाटलें. वडिलांस बोलाविलें. त्यांनीं कांहीं न बोलतां पैसे भरले व पुढच्या महिन्यांत मुलाचें नांव शाळेंतून काढून नेलें. पुढें काय उघडकीस आलें, असें वाचक विचारतील. कांहींच नाहीं. लखोटा सांपडला नाहीं, कोणीं कबुली दिली नाहीं. मुलगा दोषी होता कीं निर्दोष, हें आम्हांस आजहि ठाऊक नाहीं. एवढें मात्र मागाहून ध्यानांत आलें कीं, तिघांचें बोलणें अक्षरशः जुळलें, हीच शंकेची जागा होती. खरें सांगणारीं तीन मुलें एकाच शब्दांत बोलत नाहींत, हें वर्गांत हयात घालविणाऱ्या मास्तरास कळावयास पाहिजे होतें. धुकें पाहून आम्हीं अग्नि म्हटलें.

पुढच्या आठवड्यांत ऑक्सफर्डास गेलों असतां जवळच्या कम्नर गांवींहि जाऊन आलों. राणीचा आवडता सरदार रॉबर्ट डडली याची पत्नी एमी रॉब्सार्ट ही १५६० च्या ८ सप्टेंबर रोजीं येथील वाड्यांत जिन्याच्या पायथ्याशीं मरून पडलेली आढळली. त्या दिवशीं तिनें नोकरांस आग्रह करून अॅबिंग्डनच्या जत्रेस धाडलें होतें. डडली विंडसरला राणीजवळ होता. वाल्टर स्कॉटनें १८२१ मध्यें 'केनिलवर्थ' लिहून तिचा खून झाला, हें जगभर पक्कें करून टाकलें. इतकेंच नव्हे, तर १५६० मध्यें मेलेल्या एमीला त्यानें १५७५ पर्यंत जिवंत ठेविलें. २००८ मध्यें येथीलहि कॉरोनरचा अहवाल सांपडला: मान मोडलेली, डोक्यावर दोन जखमा, निर्णय अपघाताचा. वाद मात्र होता तेथेंच आहे. वाडा १८१० मध्यें पाडला. गांवच्या चर्चमध्यें राणीचा एक पुतळा आहे, एमीच्या गांवीं राणीचा! ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्यें एमीला पुरलें, तेथें जमिनींत तिच्या नांवाचा दगड आहे. सौ.नें त्यावर पाय पडूं दिला नाहीं.

याच ऑक्सफर्डाशीं आपल्या मराठीचेंहि एक नातें आहे. टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांत जन्मलेला जेझुइट येथें शिकला, असें परंपरा सांगते. स्वदेशीं त्याच्या पंथाच्या लोकांवर काळ येत असतां तो रोमवरून लिस्बन गांठून १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला. त्याचा सहधर्मी एडमंड कँपियन १५८१ मध्यें लंडनास फांसावर चढला. स्टीफन्स साष्टींत मराठी शिकत होता. १५८३ मध्यें राल्फ फिच वगैरे इंग्रज व्यापारी गोव्यांत पोर्तुगीजांच्या कैदेंत पडले, तेव्हां धर्मभेद विसरून त्यांस जामिनावर सोडविण्याच्या कामीं हाच उपयोगी पडला. १६१६ मध्यें त्याचें 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथें छापलें गेलें. त्यांत दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. तो मायदेशीं परतता, तर कदाचित् एखाद्या भिंतीच्या पोटांत दडून पावलांचे आवाज ऐकत बसता. या माणसावर रहस्यकथा कोणीं लिहिली असल्यास आमच्या वाचनांत नाहीं. आपल्याकडील एखाद्या तरुण लेखकानें ती अवश्य मनावर घ्यावी.

परत आल्यावर आम्ही पुष्कळ विचार केला कीं, या कादंबऱ्या आम्हांस इतक्या कां आवडतात. कारण असें दिसतें, कीं इतिहासानें जेथें प्रश्नचिन्ह ठेविलें, तेथें कादंबरी शेवटच्या प्रकरणांत सर्वांस एकत्र बोलावून उत्तर देते. त्या उत्तरानें झोंप चांगली लागते, यांत संशय नाहीं. पण उत्तर कथेंतलें आहे, हें विसरतां कामा नये. स्कॉटनें तीच भूल पुष्कळांस घातली. चांगला लेखक शेवटीं दोन पानें जोडून खरें किती व रचलेलें किती, हें स्वच्छ सांगतो. आम्ही आतां तीं पानें आधीं वाचतों.

सुज्ञ वाचकांस शेवटीं एवढीच विनंती. घरांत एखाद्या मुलाच्या हातीं रहस्यकथा दिसली, तर आमच्यासारखी ती हिसकावून घेऊं नये. शेवटचें प्रकरण येण्यापूर्वीं त्याला जवळ बसवून दोन प्रश्न विचारावे. हें कोणीं केलें असें तुला वाटतें? आणि तें तुला कशावरून कळलें? यांतला दुसरा प्रश्न आम्हीं त्या दिवशीं त्या तीन मुलांस विचारला नाहीं.